व्हर्नन केल
व्हर्नन केल यांचा जन्म १८७३ साली इंग्लंडमध्ये झाला. ते बहुभाषी सैनिकी अधिकारी होते. १९०९ साली परकीय हेर शोधून काढण्याचे काम त्यांच्यावर सोपविण्यात आले. जर्मनीचे नौदल तेव्हा हेरांकरवी इंग्लंडमधील बंदरांची व युद्धनौकांची माहिती मिळवीत असे. लंडनमधील कार्ल अर्न्स्ट हा न्हावी जर्मनीहून आलेली पत्रे त्या हेरांना टपालाने पाठवी. केल यांना हे कळले. तरी त्यांनी त्याला मोकळे राहू दिले. यात धोका होता. परंतु त्याला पकडले असते, तर बाकीचे हेर सावध झाले असते. ती पत्रे गुप्तपणे वाचली जात व त्यांतून हेरांचे पत्ते कळत. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटताच अर्न्स्ट व त्याचे अनेक साथीदार पकडले गेले. १९४२ साली केल निवर्तले. योग्य वेळेची वाट पाहण्यासही धैर्य लागते.