रियासतकार सरदेसाई आणि पेशवे दप्तर

महाराष्ट्राच्या इतिहाससंशोधनात ज्यांचे ऋण आपण सर्वांनी मानले पाहिजे, अशा पुरुषांत कै. गोविंद सखाराम सरदेसाई यांची गणना अग्रभागी होते. रियासतकार या उपपदानेच ते लोकांस अधिक परिचित आहेत. त्यांची रियासत पुष्कळांनी वाचली असेल, निदान पाहिली तरी असेल. परंतु पुण्याचे पेशवे दप्तर अभ्यासकांस खुले होण्यामागे त्यांचे किती श्रम आहेत, याची जाणीव फार थोड्यांस आहे. यास्तव त्यांच्या चरित्रातील त्या भागाचाच येथे विशेष परामर्श घेण्याचे योजिले आहे.

सरदेसाई यांचा जन्म १७ मे १८६५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्यात झाला. घरची स्थिती सामान्य. १८८८ साली पदवी संपादन करून पुढील वर्षी ते बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेत रुजू झाले. महाराजांस ग्रंथ वाचून दाखविणे व पुढे राजपुत्रांस शिकविणे ही त्यांची कामे होती. महाराजांच्या आज्ञेवरून त्यांनी मॅकियाव्हेलीच्या प्रिन्सचे व सीली यांच्या इंग्लंडच्या विस्तारावरील ग्रंथाचेही मराठी भाषांतर केले. राजपुत्रांना इतिहास शिकविताना मराठीत नीटसे पुस्तक हाती नसल्याने त्यांनी स्वतःच टिपणे काढण्यास आरंभ केला आणि या टिपणांतूनच रियासत जन्मास आली. मुसलमानी रियासत १८९८ साली प्रसिद्ध झाली. मराठी रियासतीचे खंड १९०२ पासून तीस वर्षे निघत राहिले. वर्गात शिकविण्याच्या गरजेतून एवढा ग्रंथराज उभा राहावा, याचा ज्याने आयुष्यभर खडू हाती धरला त्याला किती आनंद होतो, हे शिक्षकच जाणतील.

१९२५ साली नोकरी सोडून ते पुणे-लोणावळा मार्गावरील कामशेत येथे राहावयास आले. त्याच वर्षी जर्मनीत उच्च शिक्षण घेत असलेला त्यांचा पुत्र श्यामकांत तेथेच निवर्तला. साठीच्या उंबरठ्यावर हा आघात! दुसरा कोणी असता तर त्याने लेखणी खाली ठेवली असती. सरदेसाई यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम मात्र यानंतरच व्हावयाचे होते.

१८१८ साली पेशवाई बुडाल्यावर मराठी राज्याचे कागद इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे इनाम कमिशनने इनामांची चौकशी करताना त्यांचा उपयोग केला व त्यात आणखी भर घातली. हे हजारो रुमाल पुण्यात सरकारी कचेरीत सुरक्षित होते. पण ही सुरक्षितताच अभ्यासकांच्या आड येत होती. जुन्या सनदा बाहेर आल्या तर जमिनींचे व इनामांचे नवे दावे उभे राहतील, अशी सरकारास धास्ती होती. गणेश चिमणाजी वाड यांनी रोजनिशींतून केलेले वेचे १९०२ पासून छापले गेले, एवढाच काय तो अपवाद. राजवाड्यांसारखे संशोधक गावोगाव हिंडून खाजगी घरांच्या माळ्यांवरील कागद गोळा करीत होते, आणि राज्याचे मुख्य दप्तर मात्र कुलपात होते!

ते कुलूप निघण्यास सर जदुनाथ सरकार यांचे वजन कामी आले. त्यांच्या शिफारशीवरून १९२९ च्या सुमारास मुंबई सरकारने हे काम सरदेसाई यांच्यावर सोपविले. पुण्यातील संशोधकवर्गात या नेमणुकीविषयी बरीच नाराजी होती. ती सर्वस्वी अनाठायी होती असे म्हणवत नाही. घरचे दप्तर घरच्यांस बंद आणि निवड एकाच्या हाती, याचे शल्य वाटणारच. तथापि चौसष्ट वर्षांच्या या गृहस्थाने थोड्याशा साहाय्यकांसह मोडी कागदांच्या त्या अरण्यात प्रवेश केला आणि १९३० ते १९३४ या अल्पावधीत पंचेचाळीस खंड छापून दिले. पानिपतच्या मोहिमेची पत्रे त्यातील दुसऱ्याच खंडात आहेत. शिवाय दप्तरात काय कोठे आहे हे सांगणारी मार्गदर्शक पुस्तिकाही १९३३ साली निघाली. एकट्या या पुस्तिकेचे उपकार फार मोठे आहेत.

या निवडीस मर्यादा होती. सरदेसाई यांची दृष्टी मुख्यतः राजकारणावर, लढायांवर व मुत्सद्द्यांच्या पत्रांवर होती. सामाजिक व धार्मिक बाबींस त्यांनी स्थान दिले, पण खेड्यांचे हिशेब बहुतांशी रुमालांतच राहिले. ज्यास आपल्या गावाचा इतिहास हवा, त्याचे खरे भांडार मात्र तेथेच आहे. प्रांत अजमासात वसुलाचे आकडे आहेत. रोजकीर्दीत दिवसागणिक जमाखर्च आहे. घडणी, पागा, चिटणिशी असे वेगवेगळे विभाग आहेत. देवळाच्या नेमणुका, पाटीलकीचे तंटे, दुष्काळात दिलेली सूट असे सारे काही त्यांत मिळते. शोधणाऱ्याने प्रथम आपले गाव पेशवाईत कोणत्या प्रांतात व परगण्यात मोडत होते ते निश्चित करावे. आजच्या तालुक्याच्या नावाने शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. कुलवृत्तांत लिहिणारे आपले कित्येक बंधू मूळ पुरुषाचे नाव शोधण्यास मोठ्या उमेदीने जातात आणि मोडीची पहिली ओळ पाहूनच परततात. त्यांनी आधी सहा महिने मोडी शिकावी, मग रुमाल मागवावा.

सरदेसाई पंचेचाळीस खंडांवर थांबले नाहीत. जदुनाथांसमवेत त्यांनी पुणे रेसिडेन्सीच्या इंग्रजी पत्रव्यवहाराचे खंड हाती घेतले. नंतर वयाच्या ऐंशीव्या वर्षानंतर, या सर्व नव्या कागदांच्या आधारे, मराठ्यांचा नवा इतिहास इंग्रजीत तीन भागांत सिद्ध केला. ते भाग १९४६ ते १९४८ या काळात प्रकाशित झाले. १९५७ साली भारत सरकारने त्यांस पद्मभूषण देऊन गौरविले. १९५८ साली जदुनाथ वारले आणि अर्धशतकाहून अधिक काळाचा स्नेह संपला. पुढील वर्षी, २९ नोव्हेंबर १९५९ रोजी, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, कामशेत येथे रियासतकारांनी देह ठेवला.