औंधच्या राजाची तालीम

सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी औंध हे गाव वसले आहे. तेथील वस्तुसंग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रे आणि हेन्री मूर यांचे शिल्प पाहून पर्यटक परततात. ज्या राजाने हा संग्रह उभा केला, त्याने आपल्या आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे एका वेगळ्याच कलाकृतीवर खर्च केली, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. ती कलाकृती म्हणजे माणसाचे शरीर. ते घडवण्याचा एक शिस्तबद्ध कार्यक्रम भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आधी स्वतःवर, मग कुटुंबावर, त्यानंतर संस्थानातील शाळांवर आणि अखेरीस साऱ्या जगापुढे मांडला. आज आपण ज्याला सूर्यनमस्कार म्हणतो, त्याला घराघरांत आणि शाळाशाळांत पोहोचवण्याचे श्रेय ज्यांना द्यावे लागते, त्यांत हे नाव अग्रभागी आहे.

भवानरावांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात निर्माण झालेले प्रतिनिधिपद त्यांच्या घराण्याकडे वंशपरंपरेने चालत आले होते. औंध संस्थान होते अवघ्या ७२ गावांचे, आणि तीही सलग नव्हेत. औंधचा मुलूख आज सातारा जिल्ह्यात आहे, तर आटपाडी आणि कुंडल हे भाग सांगली जिल्ह्यात आहेत. काही गावे थेट विजापूरच्या बाजूला होती. दुष्काळी माण आणि बागायती कृष्णाकाठ या दोहोंवर एकाच राजाची सत्ता होती. डेक्कन कॉलेजातून पदवी घेतलेला हा राजपुत्र चित्रकलेत रमणारा आणि कीर्तनाला उभा राहणारा होता. १९०९ मध्ये तो गादीवर आला. तोवर शरीर कमावण्याच्या नादात त्याची बारा वर्षे गेली होती.

सँडोचे वेड

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युजेन सँडो या नावाने युरोप-अमेरिकेला भुरळ घातली होती. प्रशियातील कोनिग्जबर्ग येथे १८६७ मध्ये जन्मलेला हा पहिलवान ताकदीच्या प्रयोगांबरोबरच आपल्या देहाची रेखीवता लोकांपुढे ठेवी. प्राचीन ग्रीक पुतळ्यांच्या प्रमाणात देह घडवता येतो, अशी त्याची धारणा होती. १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने भरवलेली स्पर्धा ही शरीरसौष्ठवाची पहिली मोठी स्पर्धा मानली जाते आणि तिच्या परीक्षकांत शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल होते. १९०४-०५ च्या सुमारास सँडो हिंदुस्थानातही येऊन गेला.

भवानरावांनी मात्र त्याच्या येण्याची वाट पाहिली नव्हती. १८९७ मध्येच त्यांनी सँडोची पुस्तके आणि व्यायामसाधने मागवून घेतली होती. पुढील दहा वर्षे त्यांनी त्या पद्धतीने नियमित व्यायाम केला. सँडोची पद्धत आजच्या व्यायामशाळेत जाणाऱ्याला अनोळखी वाटणार नाही. वजन हलके, पण हालचाल नेमकी. कोणता स्नायू काम करतो आहे त्यावर लक्ष एकाग्र करायचे, त्यासाठी आरशासमोर उभे राहायचे. वयानुसार आवर्तनांची संख्या तक्त्यात दिलेली असे आणि ती ठरावीक दिवसांनी एकेकाने वाढवायची असे. छाती, दंड, मांड्या यांची मापे घेऊन प्रगती पाहायची. थोडक्यात, अंदाजावर न चालता नोंदींवर चालणारा व्यायाम.

या दहा वर्षांनी भवानरावांना एक गोष्ट कायमची शिकवली. शरीर नियमाने वागवले तर ते नियमाने उत्तर देते. आरंभ थोडक्याने करावा, वाढ सावकाश करावी आणि एकही दिवस चुकवू नये, ही सूत्रे पुढे त्यांनी सोडली नाहीत. सोडली ती केवळ साधने.

मिरजेहून आलेली प्रेरणा

हा बदल १९०८ साली घडला आणि त्यामागची प्रेरणा शेजारच्या मिरजेची होती. मिरजेचे अधिपती गंगाधरराव ऊर्फ बाळासाहेब पटवर्धन हे सूर्यनमस्कारांचे उपासक होते. त्यांच्या आग्रहावरून भवानरावांनी नमस्कार घालण्यास सुरुवात केली. नमस्कार महाराष्ट्राला नवे नव्हते. समर्थ रामदासांच्या परंपरेशी त्यांचे नाते सांगितले जाई आणि तालमीत जोर-बैठकांच्या जोडीने त्यांना स्थान होते. परंतु ते एकीकडे उपासनेचा आणि दुसरीकडे मल्लांच्या मेहनतीचा भाग होऊन राहिले होते. कचेरीत बसणाऱ्या कारकुनाने, शाळेतल्या मुलीने किंवा घरातल्या गृहिणीने करावयाचा व्यायाम म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहिले नव्हते.

भवानरावांनी नेमके हेच केले. परंपरेतून नमस्कार घेतला आणि सँडोकडून तक्ता. त्यांनी नमस्काराच्या दहा अवस्था निश्चित केल्या. (आज प्रचलित असलेल्या बारा अवस्थांची मांडणी याहून काहीशी वेगळी आहे.) प्रत्येक अवस्थेत हात, पाय, मान, पोट यांची स्थिती कशी असावी, श्वास केव्हा घ्यावा, केव्हा रोखावा आणि केव्हा सोडावा हे ठरवून दिले. वय पाहून संख्या सांगितली आणि ती क्रमाक्रमाने वाढवण्याचा नियम घातला. ते स्वतः पहाटे उठून रोज शेकड्यांच्या हिशेबात नमस्कार घालत. त्यांची राणी आणि मुलेही त्यात सहभागी असत.

व्यायाम सुरू करणाऱ्याला ज्या अडचणी तेव्हा येत, त्याच आजही येतात. पहिली अडचण घाईची. संख्या वाढवण्याच्या भरात अवस्था अपुऱ्या राहतात, गुडघे वाकतात, कंबर लोंबते आणि मग मनगट किंवा पाठ दुखू लागली की दोष व्यायामाला दिला जातो. औंधच्या पद्धतीत यावर साधा उपाय होता. जमिनीवर चौकोनी कापड अंथरायचे आणि हात टेकवल्यावर ते नमस्कार पूर्ण होईपर्यंत जागचे हलवायचे नाहीत. जागा चुकली की ती चूक स्वतःलाच दिसे, शिक्षकाची गरज पडत नसे. दुसरी अडचण ताठरपणाची. गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकणे नवशिक्याला पहिल्या दिवशी साधत नाही. तेथे जोर लावला तर मांडीमागची शीर धरते. जेवढे वाकता येईल तेवढेच वाकून रोज थोडी भर घातली, तर काही आठवड्यांत शरीर सैल पडते. तिसरी अडचण कंटाळ्याची. तिच्यावरचा उपाय म्हणजे ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि बरोबर कोणीतरी असणे. औंधच्या वाड्यात व्यायाम सहकुटुंब होत असे, त्याचे महत्त्व येथे कळते.

आहाराविषयीही त्यांचे विचार ठाम होते. न सडलेला तांदूळ, कच्च्या भाज्या, दूध यांचा पुरस्कार करताना चहा, कॉफी आणि तंबाखू यांना त्यांचा विरोध होता. चहाची दुकाने गावोगाव पसरू लागली होती अशा काळात हा उपदेश किती जणांनी मानला असेल, हा प्रश्नच आहे.

शाळेपासून लंडनपर्यंत

संस्थानातील शाळांमधून भवानरावांनी सूर्यनमस्कार सुरू केले, आणि त्यात मुलींनाही सामावून घेतले. स्त्रियांनी व्यायाम करावा हा विचार तेव्हा धाडसाचा होता. १९२८ मध्ये त्यांचे सूर्यनमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. नमस्कारांच्या प्रात्यक्षिकाचा मूक चित्रपटही त्यांनी करवून घेतला. १९३६ च्या इंग्लंडभेटीत न्यूज क्रॉनिकल या दैनिकाच्या पत्रकार लुईस मॉर्गन यांची त्यांच्याशी गाठ पडली. सत्तरीकडे झुकलेल्या या राजाची अंगकाठी आणि उत्साह पाहून त्या चकित झाल्या आणि त्यांनी आपल्या वाचकांना या व्यायामाची ओळख करून दिली. पुढे त्यांच्याच संपादनाने १९३८ मध्ये लंडनहून दहा अवस्थांचे हे आरोग्यशास्त्र पुस्तकरूपाने निघाले. दक्षिणेत बंगळूरचे ख्यातनाम शरीरसौष्ठवपटू के. व्ही. अय्यर यांनी वजनांच्या व्यायामाला नमस्कारांची जोड दिली आणि १९३७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. सँडोचा चाहता असलेला दुसरा एक माणूस त्याच वाटेने नमस्कारांपाशी पोहोचला होता.

भवानरावांचा सर्वच आग्रह आज जसाच्या तसा स्वीकारता येणार नाही. नमस्कारांबरोबर बीजमंत्रांचा उच्चार अत्यावश्यक आहे, त्याच्या कंपनांनी शरीरातील अवयव सुधारतात, असे ते मानत. नमस्कारांनी अनेक व्याधी दूर होतात हा त्यांचा दावाही वैद्यकाच्या कसोटीवर तेवढ्या प्रमाणात टिकणारा नाही. शाळेतील सक्तीचा प्रश्न तर अजून मिटलेला नाही. मंत्रांसह घातलेला नमस्कार हा व्यायाम की उपासना, यावर आजही वाद झडतात. शिवाय व्यायाम म्हणून पाहिले तरी नमस्काराला मर्यादा आहेत. त्यात शरीर ढकलण्याची, वाकण्याची आणि ताणण्याची क्रिया भरपूर आहे. ओढण्याची क्रिया मात्र जवळजवळ नाही. त्यामुळे पाठीच्या वरच्या भागाला आणि दंडाच्या पुढच्या स्नायूंना पुरेसे काम मिळत नाही. वजन वाढवता येत नसल्याने एका मर्यादेनंतर दम वाढतो, स्नायूंचा आकार वाढत नाही. ज्याला शरीरसौष्ठवाच्या मंचावर उभे राहायचे आहे, त्याला लोखंड उचलावेच लागते.

परंतु भवानरावांचा प्रश्नच वेगळा होता. संस्थान गरीब, आटपाडीचा मुलूख पावसाला पारखा. तेथील शेतकऱ्याच्या मुलाला विलायती साधने कोठून परवडणार? ज्याला पैसा लागत नाही, साडेतीन हातांहून अधिक जागा लागत नाही आणि जो म्हातारपणीही करता येतो, असा व्यायाम त्यांना हवा होता. स्वतःसाठी त्यांना साधने सहज मिळत होती. ती बाजूला ठेवून त्यांनी सर्वांना मिळू शकेल असे निवडले.

सत्तेचा व्यायाम

हीच दृष्टी त्यांच्या राज्यकारभारात दिसते. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलच्या माळावर जागा देऊन त्यांनी किर्लोस्करवाडी वसू दिली. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी भरघोस साह्य केले. पंडित सातवळेकरांना औंधात आश्रय मिळाला. साने गुरुजी आणि ग. दि. माडगूळकर यांनी औंधच्या शाळेत शिक्षण घेतले. १९३५ च्या इंदूर येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भवानरावांनी भूषविले.

सर्वांत मोठे पाऊल मात्र १९३९ मध्ये पडले. पुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलिश अभियंता मॉरिस फ्रिडमन यांच्या प्रयत्नांतून, महात्मा गांधींच्या सल्ल्याने, औंधला ग्रामपंचायतींवर आधारलेली राज्यघटना मिळाली. सत्तरीतल्या राजाने आपण होऊन सत्ता प्रजेच्या हाती सोपवली. त्याच साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. व्ही. शांताराम यांच्या १९५७ सालच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागे तिचीच प्रेरणा होती. कैद्याला भिंतीने न बांधता कष्टाच्या आणि दिनक्रमाच्या शिस्तीने माणसात आणता येते, हा त्यामागचा विश्वास. ज्याने स्वतःच्या देहावर हा प्रयोग चार दशके केला होता, त्याला तो विश्वास परका नव्हता.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान विलीन झाले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा नवा जिल्हा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. एका राजाची गावे दोन जिल्ह्यांत कायमची विभागली गेली. भवानरावांचे निधन १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी झाले. ज्याच्या पुस्तकांवरून त्यांनी आरंभ केला तो सँडो १९२५ मध्येच, साठीही न गाठता निवर्तला होता. दोन आयुष्यांच्या तुलनेतून शास्त्रीय निष्कर्ष काढणे योग्य नव्हे, आणि भवानरावांचे सँडोवरील ऋण तर उघडच आहे.

आज साताऱ्यात आणि सांगलीत चौकाचौकांत अद्ययावत व्यायामशाळा आहेत. भिंतींवर आरसे आहेत, तक्ते आहेत, मापे घेणारी यंत्रे आहेत. जानेवारीत गर्दी होते आणि उन्हाळा येईतो निम्मे लोक गळतात. त्यांच्यापाशी साधनांची वाण नाही. भवानरावांच्या दीर्घ साधनेत जे होते ते साधनांच्या दुकानात मिळत नाही. थोडक्यात सुरुवात करण्याचा संयम, चुकीच्या अवस्थेपेक्षा कमी संख्या पत्करण्याचा प्रामाणिकपणा आणि वाढत्या वयातही उद्याची पहाट न चुकवण्याचा निश्चय, एवढीच या राजाने मागे ठेवलेली खरी दौलत आहे. ती घेण्यासाठी ना संस्थान लागते, ना शुल्क.