डॉ. वसंत रामजी खानोलकर : चरित्र व कार्य

वैद्य रोग्याच्या उशाशीं बसतो, म्हणून रोगी त्याचे उपकार जन्मभर स्मरतो. विकृतिशास्त्रज्ञाच्या वांट्यास हें भाग्य येत नाहीं. रोग्याच्या देहांतील मांसाचा कण किंवा रक्ताचा थेंब तेवढा त्याच्या हातीं येतो, आणि त्यावरून त्यास रोगाचा निर्णय करावा लागतो. अशाच एका थोर पुरुषाचें चरित्र आम्ही या महोत्सवप्रसंगीं वाचकांस सादर करीत आहों.

डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजीं झाला. ज्या खानोली गांवाचें नांव त्यांच्या आडनांवांत आहे, तें वेंगुर्ले तालुक्यांत असून १९८१ सालीं सिंधुदुर्ग जिल्हा निराळा होईपर्यंत आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांतच मोडत असे. लंडन विद्यापीठांत वैद्यकाचें अध्ययन करून १९२३ सालीं त्यांनीं विकृतिशास्त्रांत एम्. डी. पदवी संपादन केली. स्वदेशीं परतल्यावर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत व परळच्या सेठ जी. एस्. मेडिकल कॉलेजांत त्यांनीं अध्यापन केलें.

१९३१ सालीं लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगानें निधन पावल्या. या रोगांत रक्तांतील पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात व निरोगी रक्तास जागाच उरत नाहीं. त्यांचे पति सर दोराबजी यांनीं पुढील वर्षीं या रोगाच्या संशोधनासाठीं निधि स्थापिला. टाटांच्याच दानांतून परळ येथें टाटा मेमोरियल रुग्णालय उभें राहिलें. तें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें, आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा खानोलकरांकडे आली.

गांठीचा तुकडा कापावा, त्याचे अतिशय पातळ पापुद्रे काढावे, ते रंगवावे व सूक्ष्मदर्शकाखालीं न्याहाळावे, हें त्यांचें नित्याचें काम. परंतु रोगाचें नांव सांगून ते थांबले नाहींत. हा रोग याच मनुष्यास, याच ठिकाणीं कां झाला, असा प्रश्न ते करीत. आंध्रांत कांहीं लोक चुट्टा पेटलेलें टोंक तोंडांत धरून ओढीत. त्यांच्या टाळूस कर्करोग होई. बिहारांत तंबाखू व चुना ओठाखालीं धरून ठेवीत. तेथें ओठाच्या आंत व्रण पडे. धोतर कमरेस घट्ट कसल्यानें वर्षानुवर्षें घर्षण होऊन त्वचेचा कर्करोग होतो, हेंही त्यांनीं १९४५ च्या सुमारास जगापुढें मांडलें. तंबाखूचें सेवन आणि मुख व घसा यांचा कर्करोग यांचा संबंध दाखविणारा त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध १९५५ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें प्रसिद्ध झाला. जो रोग लोक दैवाच्या माथीं मारीत, त्याचें मूळ पुष्कळदां स्वतःच्या संवयींतच असतें, हें त्यांनीं सिद्ध केलें.

१९५२ सालीं स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संचालक झाले. तत्पूर्वीं टाटा मेमोरियल रुग्णालयांतच डॉ. कमल रणदिवे यांनीं त्यांच्या मार्गदर्शनाखालीं संशोधनास आरंभ केला होता. पुढें उंदरांवर प्रयोग करून रक्ताच्या कर्करोगाचाही त्यांनीं अभ्यास केला. शिष्य तयार करणें हें गुरूचें मोठेंच कार्य होय. महारोगाचे जंतु त्वचेंतील मज्जातंतूंत कसे शिरतात, याचाही खानोलकरांनीं शोध घेतला.

१९५४ सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें. १९६० पासून १९६३ पर्यंत त्यांनीं मुंबई विद्यापीठाचें कुलगुरुपद भूषविलें. २९ ऑक्टोबर १९७८ रोजीं त्यांनीं इहलोकींची यात्रा संपविली.

वाचकहो, रक्ताचा कर्करोग टाळणें बहुधा मनुष्याच्या हातीं नसतें. तेथें संशोधकांच्या श्रमांवरच भिस्त ठेवावी लागते. मुखाच्या कर्करोगाची गोष्ट मात्र निराळी आहे. आमच्या कोंकणांतही तंबाखूची चंची कमरेस बाळगणारे कांहीं थोडे नाहींत. घरांतील कर्त्या पुरुषास हा रोग जडला, म्हणजे मुलांबाळांची काय दशा होते, हें अनेक कुटुंबांनीं अनुभविलें आहे. तोंडांतील व्रण दोन आठवड्यांत भरून न आल्यास विनाविलंब डॉक्टरांस दाखवावा, आणि ती चंची तर आजच दूर ठेवावी. ज्या पुरुषानें सारें आयुष्य कांचेखालच्या कणांत वेंचलें, त्याचें खरें स्मारक तें हेंच, असें आम्हांस वाटतें.