रक्ताची वाट

मनगटावर बोटे टेकली, की नाडीचे ठोके जाणवतात. हृदयातून निघालेले रक्त शरीरभर फिरून पुन्हा हृदयातच परतते, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. परंतु हे सत्य सिद्ध करण्यासाठी एका वैद्याला आपला नावलौकिक पणास लावावा लागला. त्याचे नाव विल्यम हार्वे.

हार्वेचा जन्म १५७८ साली इंग्लंडमधील फोकस्टन या गावी झाला. केंब्रिज येथील शिक्षण आटोपून तो इटलीतील पादुआच्या विख्यात विद्यापीठात गेला. तेथील त्याचा गुरू फॅब्रिशियस याने नीलांतील झडपांचा बारकाईने अभ्यास केला होता. त्या झडपांचे खरे प्रयोजन मात्र गुरूलाही उमगले नव्हते. १६०२ साली पदवी घेऊन हार्वे मायदेशी परतला व पुढे लंडनमधील सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्य झाला.

त्या काळी प्राचीन ग्रीक वैद्य गेलन याचा शब्द प्रमाण मानला जाई. अन्नापासून यकृतात रक्त तयार होते आणि ते शरीरात ठिकठिकाणी जाऊन तेथेच खर्ची पडते, अशी समजूत सुमारे चौदाशे वर्षे चालत आली होती. हार्वेने एक साधा हिशेब मांडला. एका ठोक्यासरशी हृदयातून अगदी थोडे रक्त बाहेर पडते असे धरले, तरी अर्ध्या तासात ते साऱ्या शरीरातील रक्ताहून अधिक भरते. एवढे रक्त अन्नापासून क्षणोक्षणी तयार होणार तरी कसे? तेव्हा तेच रक्त पुनःपुन्हा फिरत असले पाहिजे!

नुसत्या तर्कावर तो विसंबला नाही. अनेक प्राण्यांची हृदये त्याने तपासली. माणसाच्या दंडाला पट्टी घट्ट आवळली, तेव्हा मनगटाची नाडी थांबली. पट्टी किंचित सैल करताच रोहिणीतून रक्त हातात उतरले. परंतु नीलांतून वर जाण्याची वाट अडलेलीच असल्याने त्या टरारून फुगल्या. नीलांतील झडपा रक्ताला केवळ हृदयाकडे जाऊ देतात, हेही त्याने दाखवून दिले.

१६२८ साली त्याचा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि विरोधाचे वादळ उठले. कित्येकांनी त्याला विक्षिप्त ठरविले. रुग्णही कमी झाले. तथापि तो डगमगला नाही. त्याच्या हयातीतच अनेक विद्वानांनी त्याचे म्हणणे स्वीकारले.

एक दुवा मात्र अपुरा राहिला. रोहिणीतील रक्त नीलांत कसे जाते, हे हार्वेला पाहता आले नाही. १६५७ साली त्याचे निधन झाले. त्यानंतर चारच वर्षांनी, १६६१ साली, इटलीतील माल्पिघी याने सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसातील केशवाहिन्या पाहिल्या आणि तो दुवा सांधला गेला.

डोळ्यांना न दिसलेली वाट हार्वेने विचाराने ओळखली होती. थोरांच्या वचनांचा आदर राखूनही ती प्रयोगाच्या कसोटीस लावावी, हाच त्याच्या चरित्राचा बोध होय.