हाईम सॅम्युएल केहीमकर : नव्या भूमीतील स्मृतीचा इतिहासकार

स्थलांतरात माणसे प्रथम काय गमावतात आणि अखेरपर्यंत काय जपतात, हा या घटकातील प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण हाईम सॅम्युएल केहीमकर (जन्म १८३०) यांच्या चरित्राकडे वळू. आडनावापासूनच आरंभ करा. अलिबागजवळच्या किहीम गावावरून ते आले. दिवे गावाचे ते दिवेकर, किहीमचे ते केहीमकर. ज्यांचे मूळ समुद्रापलीकडे, त्या बेने इस्रायलांनी आपली ओळख मात्र कोकणातील गावांच्या नावे सांगितली.

परंपरा अशी की नवगावजवळ जहाज फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. ग्रंथ बुडाले, हिब्रू भाषा विसरली गेली. उरली ती सुंता, शब्बाथ, काही उपवास आणि शेमा ही एक प्रार्थना. ही माणसे तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. ज्यू हे नाव विस्मृतीत गेले तरी शनिवार राहिला, हे ध्यानात घ्या.

सणांची नावे तर भाषाभ्यासकाने अवश्य पाहावीत. प्रायश्चित्ताचा दिवस झाला ‘दारफाळणीचा सण’, कारण त्या दिवशी दारे लावून घरात राहायचे. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिवस झाला ‘बिरड्याचा सण’. मंदिर विस्मरणात गेले. शोकाचा उपवास उरला आणि त्याला नाव मिळाले ते वालाच्या बिरड्यावरून. अलिबागचा वाल ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातील जवळीक वेगळी सांगावी लागणार नाही. याला कोणी ऱ्हास म्हणेल. मला हा अनुवाद वाटतो, आणि तोही फार चांगला.

केहीमकरांनी हे सारे टिपून ठेवले. १८७५ मध्ये त्यांनी मुंबईत समाजासाठी शाळा सुरू केली. हिब्रू पुन्हा मुलांच्या कानी पडावी ही त्यामागची तळमळ. मुंबईतील बगदादी ज्यूंपैकी अनेकजण बेने इस्रायलांच्या वंशशुद्धीविषयी शंका घेत. त्यामुळे इतिहास लिहिणे हा केहीमकरांच्या दृष्टीने छंद नव्हता. समाजाच्या वतीने सादर केलेली ती साक्ष होती. म्हणूनच मातृभाषा मराठी असूनही त्यांनी ग्रंथ इंग्रजीत लिहिला. न्याय करणारे मराठी वाचणारे नव्हते. त्यात काही ठिकाणी पुराव्याहून आग्रह अधिक दिसतो, हेही नमूद केले पाहिजे.

१८९७ मध्ये पूर्ण झालेले हे हस्तलिखित चाळीस वर्षे अप्रकाशित राहिले आणि केहीमकरांच्या पश्चात १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापले गेले. इस्रायलच्या स्थापनेनंतर हजारो बेने इस्रायल तिकडे गेले. तेथेही विवाहाच्या प्रश्नावरून त्यांच्या ज्यूपणाची चौकशी झाली. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेला त्यांच्या बाजूने ठराव करावा लागला. कोकणात ज्यांची ओळख शनिवारामुळे वेगळी ठरली होती, त्यांची इस्रायलमधील वेगळी ओळख ठरली ती मराठीमुळे. पुढे तेथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही निघू लागले.