वाल्डेमार हाफकिन : आधी स्वतः, मग इतरांस

परळची हाफकिन संस्था सर्वपरिचित आहे. तिला नाव देणारा शास्त्रज्ञ मात्र आज विस्मृतीत गेला आहे. वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे ज्यू कुटुंबात झाला. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. तेव्हा भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांनी लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. सरकारी घरझडत्यांनी लोक धास्तावले असता या दोघांनी आधी स्वतःचा जीव पणास लावला, हे आम्हांस मोलाचे वाटते.

१८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल येथे लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांचे पद गेले. दोष प्रयोगशाळेचा नसून गावी कुपी उघडताना झालेल्या हलगर्जीचा होता, हे सिद्ध होऊन १९०७ साली ते निर्दोष ठरले. १९२५ साली संस्थेस त्यांचे नाव मिळाले. १९३० साली ते निवर्तले.

सत्य उशिरा येते, पण पुराव्यानेच येते. आमच्या विद्यार्थ्यांनी हे जीवन याचसाठी अभ्यासावे.