रेव्ह. टिळक : बाप्तिस्म्यानंतरची वाट

रेव्ह. नारायण वामन टिळकांची कथा आपण बहुधा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झालेल्या त्यांच्या बाप्तिस्म्यापाशी थांबवतो. राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने दिलेला नवा करार आणि डोंगरावरील प्रवचन वाचताना हरपलेले भान, हे सर्व परिचितच आहे. खरी कसोटी पुढे होती.

ज्या पावलाने प्रभू लाभला, त्याच पावलाने पत्नी लक्ष्मीबाई व लहानगा दत्तू दुरावले. ही ताटातूट काही वर्षे चालली. लक्ष्मीबाई परतल्या त्या हिंदू म्हणूनच, सोवळेओवळे सांभाळीत. टिळकांनी आपला विश्वास त्यांच्यावर लादला नाही. १९०० साली त्यांनी स्वतःच्या खात्रीने बाप्तिस्मा घेतला. स्वभावाने तापट असलेला हा पुरुष वाट पाहावयास शिकला. मला त्यांची आत्मिक वाढ येथेच अधिक दिसते.

१९०४ साली पाळकीय दीक्षा झाली, तरी मन स्वस्थ नव्हते. तुकोबांच्या अभंगांवर पोसलेल्या या भक्ताला पाश्चात्त्य वेषातला ख्रिस्त परका वाटे. १९१७ साली, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी मिशनचा पगार सोडला व साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. तेथे बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते. हे सर्वांना रुचणारे नव्हते. मलाही त्यातील सारेच पटते असे नाही. पण संसार असताना हातची भाकरी प्रभूच्या हवाली करणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

९ मे १९१९ रोजी मुंबईत ते प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते; ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.